रेडिओचं बोलावणं आलं? आधी दिवसाचा हिशेब मांडा
बेळगाव-निपाणी भागातल्या लोककलावंतांसाठी आकाशवाणीच्या मानधनाचं मार्गदर्शन

आकाशवाणीवर गायला किती मिळतात, हा प्रश्न येळ्ळूरपासून सदलग्यापर्यंत प्रत्येक भजनी मंडळात, गोंधळ्यांच्या मेळात आणि हलगीवाल्यांच्या ताफ्यात कधी ना कधी निघतोच. उत्तर देणारेही भरपूर असतात. कुणी दहा वर्षांपूर्वीच्या चेकची रक्कम सांगतो, कुणी शेजारच्या गावच्या बुवांकडून ऐकलेली. त्या भरवशावर सहा माणसं आणि वाद्यं गाडीत घालून निघालं, की फरक म्होरक्याच्या खिशातून जातो.

मिळणाऱ्या रकमेआधी तुमची किंमत किती पडते, ते काढा. रेडिओवर वाजतात दहा-पंधरा मिनिटं, पण जातो अख्ख्या मेळाचा अख्खा दिवस. सरकारी दराचा भाव करता येत नाही, हे खरं. पण त्या दराचा कागद मागता येतो, किती साथीदार मंजूर आहेत ते विचारता येतं, एका फेरीत दोन ध्वनिमुद्रणं मागता येतात आणि परवडत नसेल तर नमस्कार करून नाहीही म्हणता येतं. त्यासाठी स्वतःचा आकडा हाताशी हवा.

कोणतं केंद्र आपलं?

बेळगाव जिल्हा कर्नाटकात असल्यामुळे पहिला दरवाजा धारवाडचा. हे केंद्र 1950 च्या जानेवारीत सुरू झालं, तेव्हा धारवाड आणि बेळगाव दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत दोन्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. पं. मल्लिकार्जुन मन्सूर या केंद्राचे संगीत सल्लागार होते. त्यामुळे हिंदुस्थानी गायकीसाठी हे नाव मोठंच. मराठी बोलांच्या गाण्याला मात्र जागा जास्त ती कोल्हापूर आणि सांगलीला. सांगली केंद्र 1963 चं, कोल्हापूरचं त्यानंतर तीस वर्षांनी आलेलं.

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, तर बेळगाव ओलांडून धारवाड त्याच्या तिपटीहून जास्त. बेळगाव शहरातल्या माणसाला उलट धारवाड पाऊणशे किलोमीटरवर आणि कोल्हापूर शंभराच्या वर. पण जवळचं केंद्र म्हणजे आपलं केंद्र, असं धरून चालू नका. ऑडिशनचा अर्ज घेताना राहण्याचा पत्ता बघितला जातो. मराठी गाणं घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे जायचं असेल, तर कर्नाटकातल्या पत्त्याचे कलावंत ऑडिशनला घेता का, हे आधी पत्राने किंवा ई-मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. संबळ, हलगी, सनई यांच्या वादनात भाषेचा प्रश्नच येत नाही. नुसतं वाद्यवादन करणाऱ्यांनी धारवाडला आधी अर्ज टाकावा.

रक्कम कशावर ठरते?

आकाशवाणी प्रसार भारतीच्या अखत्यारीत येते. 1990 च्या कायद्याने स्थापन झालेली ही संस्था 1997 पासून प्रत्यक्ष काम करते. मानधनाचा तक्ता वरून येतो आणि वेळोवेळी बदलतो. केंद्रावरचा कार्यक्रम अधिकारी स्वतःच्या मर्जीने तो वाढवू किंवा कमी करू शकत नाही, त्यामुळे त्याच्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही. समोरच्याला ओशाळं वाटतं आणि हाती काही लागत नाही.

तुमच्या बाजूने फरक पाडणाऱ्या गोष्टी तीन.

पहिली श्रेणी. ऑडिशन झाल्यावर कलावंताला बी, बी-हाय, ए किंवा टॉप अशी श्रेणी मिळते आणि मानधन तिच्यावर ठरतं. बी श्रेणीवर वर्षानुवर्षं बसून राहणारे पुष्कळ आहेत. श्रेणीवाढीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, ती आपोआप होत नाही. किती काळाने करता येतो, हे ऑडिशनच्या दिवशीच विचारून घ्या.

दुसरी साथीदारांची श्रेणी. तबला-पेटीच्या साथीदाराची स्वतंत्र ऑडिशन असते. श्रेणी नसलेला साथीदार तुम्ही नेलात, तर त्याचे पैसे कुणी द्यायचे हा वाद दारातच उभा राहतो. पेटीवाल्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि 1971 मध्ये ती अटी घालून साथीपुरती उठवली. पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारखा हार्मोनियमचा मोठा गुरू ज्या बेळगावात शिष्य घडवत होता, त्या गावच्या पेटीवाल्यांना तीस वर्षं रेडिओच्या कमाईत वाटा नव्हता. कलेत काही कमी नव्हतं, नियमात वाद्यच बसत नव्हतं. तुमचं वाद्य आणि तुमचा माणूस आजच्या नियमात बसतो का, हे निघण्याआधी विचारा.

तिसरी मंजूर माणसं. गोंधळाला एक मुख्य गायक, एक-दोन झीलकरी, संबळ, तुणतुणं आणि झांज इतकं लागतंच. मंजुरी चौघांची आणि गाडीत सात, असं झालं तर तिघांचा खर्च मेळावर. करारपत्रात समूहाची एकत्रित रक्कम आहे की माणशी, आणि प्रवासखर्च वेगळा आहे की त्यातच धरलाय, या दोन ओळी वाचल्याशिवाय सही करू नका.

आता स्वतःचा आकडा काढू

समजा, निपाणीचा सहा जणांचा मेळ कोल्हापूरला ध्वनिमुद्रणाला चाललाय. खालचे आकडे पद्धत दाखवण्यापुरते आहेत. तुम्ही तिकिटावरचे आणि पावतीवरचे घाला.

बुडालेल्या दिवसासाठी तळाचं माप म्हणून रोजगार हमीचा दर सोयीचा पडतो. 2025-26 मध्ये तो कर्नाटकात 370 आणि महाराष्ट्रात 312 रुपये होता. आपण कर्नाटकाचा धरू.

• बुडालेला रोज: 6 × 370 = 2,220
• बसभाडं, जाऊन-येऊन माणशी 160 धरून: 960
• स्टँडवरून केंद्रापर्यंत आणि परत, वाद्यांसह दोन रिक्षा: 400
• जेवण आणि चहापाणी, माणशी 150: 900
• दोन संध्याकाळच्या तालमी, माणशी अर्धा रोज धरून: 1,110
• वाद्यांची झीज, कातडं, दोरी, ओढून घेणं यांचा वाटा: 500

बेरीज 6,090 रुपये. यात कलेचा एक पैसाही नाही, फक्त घरून निघून घरी परत येण्याचा खर्च आहे. गवंड्याचा रोज आणि त्याच्या हाताखालच्या माणसाचा रोज एक नसतो, तसं कलेचं वेगळं धरलंच पाहिजे. कलेचा म्हणून माणशी निदान आणखी एक रोज धरला, तर 2,220 वाढून 8,310 होतात. माणशी 1,385.

आता हातात दोन आकडे आले. 6,090 च्या खाली गेलात तर पदरमोड. 8,310 च्या वर मिळाले तर मानाने काम झालं. मधल्या पट्ट्यात निर्णय तुमचा, पण तो डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल.

एसटीच्या भाड्यात सीमाभागाची एक गंमत आहे. कर्नाटकाच्या ‘शक्ती’ योजनेत 11 जून 2023 पासून राज्यातल्या महिलांना साध्या आणि एक्सप्रेस सरकारी बसमधून राज्याच्या आत फुकट प्रवास आहे. म्हणजे निपाणीचं महिला भजनी मंडळ कर्नाटकाच्या बसने धारवाडला तिकिटाविना पोचतं. आधार कार्ड मात्र जवळ हवं. तेच मंडळ कोल्हापूरला निघालं, की आंतरराज्य गाडीत ही सवलत चालत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पण तेही महाराष्ट्राच्या हद्दीतल्या अंतराचं. हद्द कागलच्या अलीकडे, म्हणजे जवळपास निम्मी वाट पुऱ्या भाड्याची. अंतर कमी म्हणून कोल्हापूर स्वस्त, असं बायकांच्या मंडळाने गृहीत धरू नये. दोन्हीकडचा हिशेब मांडून बघावा. स्वतःचा टेम्पो केला तर कोगनोळीचा टोल दोन्ही वेळा धरा.

आकडा जुळत नसेल तर

एका फेरीत दोन ध्वनिमुद्रणं मागा. प्रवास, जेवण आणि बुडालेला रोज तोच राहतो, मानधन मात्र दोन कार्यक्रमांचं होतं. वरच्या उदाहरणात दुसऱ्या कार्यक्रमाचा जादा खर्च तालमीपुरताच येईल. केंद्रालाही हे सोयीचं पडतं, कारण स्टुडिओ आणि माणूस एकदाच अडकतो.

माणसं कमी करा, पण गाण्याचा जीव जाईल इतकी नाही. झील धरायला कुणी नसलेला पोवाडा रेडिओवर जास्तच उघडा पडतो. तिथे पोशाख दिसत नाही, हावभाव दिसत नाहीत, फक्त आवाज ऐकू येतो.

त्याच दिवशी किंवा आदल्या रात्री त्या बाजूची एखादी सुपारी जुळते का बघा. जत्रांच्या दिवसांत कागल-कोल्हापूर पट्ट्यात हे सहज जमतं. उलट जत्रेची चांगली बिदागी सोडून ध्वनिमुद्रणाला जायची वेळ येत असेल, तर तारीख बदलून मागा. रेकॉर्ड करून ठेवायचा कार्यक्रम असेल, तर दुसरी तारीख मागण्यात काही गैर नाही.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी

पैशाचा संबंध इथेही आहे, कारण दिवस लांबला की खर्च वाढतो. सर्वात जास्त वेळ खातं ते वाद्य. पावसाळ्यात हलगी सादळते. देवळापुढे असलात तर चार काटक्या पेटवून ती शेकून घेता आणि कडकडीत झाली की वाजवायला लागता. स्टुडिओत जाळ करता येत नाही. म्हणून शेकायचं काम आवाराबाहेर उरकावं, वाद्य कोरड्या कापडात गुंडाळून आत न्यावं आणि जमलं तर दुसरी हलगी तयार ठेवावी. संबळाच्या दोन्ही तोंडांचा आवाज माइकवर फार वेगळा येतो. पहिल्या दोन मिनिटांत ध्वनिमुद्रकाला दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाजवून दाखवा, त्याला अंतर ठरवायला बरं पडतं. चौंडक्याची तार घरून निघतानाच नवी घाला. ती मध्येच तुटली, तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

गाण्याचे शब्द कागदावर लिहून न्या. पारंपरिक किती आणि स्वतः रचलेलं किती, हे त्याच कागदावर ठळक लिहा. शाहिराने स्वतः बांधलेला पोवाडा असेल, तर रचनाकार म्हणून त्याचं नाव निवेदनात घ्यायला सांगा. रचनेवर कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं चालतो.

सही करण्याआधी हक्काच्या ओळी वाचा

परंपरेतून आलेलं गाणं कुणा एकाचं नसतं, पण ते तुम्ही ज्या गळ्याने गायलात, त्या सादरीकरणावर तुमचा हक्क असतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हा कलावंताचा हक्क 50 वर्षांचा आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर तो आणखी पक्का झाला आणि सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास कलावंताला स्वामित्वधन मिळण्याची तरतूद आली. सादरीकरणात नाव दिलं जाणं आणि ते विकृत न केलं जाणं, हेही हक्कात आलं.

हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरता धरतो. पण ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ असे शब्द छापलेले असले, तर ही ढाल गळून पडते. म्हणून तीन प्रश्न विचारा. पुनर्प्रसारण झालं तर वेगळे पैसे आहेत का? कार्यक्रम यूट्यूबवर किंवा प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’ या नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या मंचावर जाणार का? ध्वनिफीत विकली गेली तर आमचा वाटा कोणता? ‘नाही’ असं उत्तर आलं तरी ते लेखी असू द्या.

बीबीसीसारख्या सार्वजनिक प्रसारकाचे वादकांचे किमान दर ब्रिटनमध्ये तिथल्या वादकसंघटनेशी करार करून ठरतात. आपल्याकडे गोंधळी, हलगीवादक किंवा भजनी मंडळ प्रत्येक जण एकटाच करारपत्रापुढे बसतो. तालुक्यातल्या चार-पाच मेळांनी मिळून एकच पत्र केंद्राला लिहिलं, तर उत्तर लवकर येण्याची शक्यता वाढते.

पैसे खात्यावर आल्यावर

मानधन बँक खात्यावर जमा होतं. खाते क्रमांक, आयएफएससी कोड, पॅन आणि नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकसारखं हवं. आधारावर एक आडनाव आणि पासबुकावर दुसरं असेल, तर पैसे अडकतात. हे काम ऑडिशनआधीच उरका.

समूहाची रक्कम म्होरक्याच्या पॅनवर आली, तर आयकराच्या लेखी ती सगळी त्याची कमाई दिसते. त्यासाठी वाटप रोखीने करू नका. प्रत्येकाला खात्यावर पाठवा आणि वहीत सही घ्या. व्यावसायिक शुल्क म्हणून कर कापला गेला तर दर 10 टक्के. एकाच देणाऱ्याकडून वर्षाची रक्कम 50,000 च्या आत असेल, तर 1 एप्रिल 2025 पासून ही कपात लागत नाही. पॅन दिला नसेल तर कपात थेट 20 टक्क्यांवर जाते. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो.

जीएसटीची धास्ती घेऊ नका. लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणाचं शुल्क एका कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी नाही. जत्रा-उत्सवाच्या आयोजकाने ‘अठरा टक्के कापतो’ म्हटलं, तर हे त्याला सांगा.

वाट्याचा वाद टाळायचा, तर निघण्याआधी ठरवा. म्होरक्याचे दोन वाटे की दीड, वाद्याच्या मालकाला वेगळं किती, आजारी पडून न आलेल्याला काय. गाडीत बसल्यावर हे बोलणं निघालं, की तालमीतला सूर बिघडतो.

पैसे अडकले किंवा दर कळत नाही, तर

आधी कार्यक्रमप्रमुखांना तारीख आणि करारपत्राचा क्रमांक घालून साधं पत्र द्या. पोच घ्या.

उत्तर नाही आलं, तर माहिती अधिकार. आकाशवाणी केंद्र सरकारच्या यादीतलं सार्वजनिक प्राधिकरण असल्याने 10 रुपयांत अर्ज होतो, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाहीत आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे कोल्हापूर-सांगलीला मराठी चालेल, धारवाडला मात्र कन्नड, हिंदी किंवा इंग्रजी वापरा. मराठी अर्ज परत आला, म्हणजे महिना फुकट गेला. अर्जात विचारायचं एवढंच: लोकसंगीताच्या प्रत्येक श्रेणीचं सध्याचं मानधन, समूहात मंजूर माणसांची संख्या, प्रवासखर्चाचा नियम आणि माझ्या अमुक तारखेच्या कार्यक्रमाच्या देयकाची स्थिती. हा तक्ता एकदा मिळाला, की तो तालुक्यातल्या सगळ्या मेळांच्या कामाचा.

केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर फुकट तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाकडे मात्र जाऊ नका. इथे तुम्ही सेवा देणारे आहात, घेणारे नव्हे, त्यामुळे तिथे प्रकरण उभं राहत नाही.

कम्युनिटी रेडिओचं काय?

बेळगावात केएलई संस्थेचं ‘वेणुध्वनी’ 90.4 एफएमवर आहे. असं केंद्र आकाशवाणीचं नव्हे, त्यामुळे प्रसार भारतीचा मानधनाचा तक्ता त्याला लागू होत नाही. अशा ठिकाणी स्वतःचा आकडा सांगून बोलणी करता येतात. पैसे कमी असतील, तर निदान प्रवास, जेवण आणि ध्वनिमुद्रणाची प्रत मागा. ती प्रत पुढच्या सुपारीत दाखवायला कामाची.

कागदाची फाइल कमाईइतकीच मोलाची

करारपत्र, प्रसारणाची तारीख, श्रेणीचं पत्र आणि जमा झालेल्या रकमेची नोंद एका फाइलमध्ये ठेवा. साठीनंतर ही फाइल उपयोगी पडते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या ज्येष्ठ कलावंत साहाय्य योजनेत 60 वर्षांवरच्या, वर्षाला 72,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कलावंताला महिन्याला 6,000 रुपयांपर्यंत मदत मिळू शकते आणि तिथे कलेतल्या योगदानाचा पुरावा लागतो. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना 2024 पासून महिना 5,000 देते, पण तिला महाराष्ट्राचं रहिवासी असणं लागतं. निपाणीच्या पत्त्यावरच्या मराठी कलावंताने कर्नाटकाच्या कन्नड आणि संस्कृती खात्याच्या मासिक साहाय्याची चौकशी बेळगावच्या जिल्हा कार्यालयात करावी.

निघण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

1. माझ्या श्रेणीला आज मानधन किती, आणि ते समूहाचं की माणशी?
2. किती साथीदार मंजूर, आणि त्यांना श्रेणी लागते का?
3. प्रवासखर्च वेगळा की त्यातच?
4. एका फेरीत दोन ध्वनिमुद्रणं होतील का?
5. पुनर्प्रसारण आणि इंटरनेटवरचा वापर, याचं काय लिहिलंय?
6. पैसे किती दिवसांत आणि कुणाच्या खात्यावर?

उत्तरं आली, की ती तुमच्या 6,090 किंवा जो काही आकडा निघाला असेल त्याच्या शेजारी लिहा आणि मेळाला वाचून दाखवा. जायचं की नाही, हे मग एकट्या म्होरक्याने ठरवायचं राहत नाही. ज्यांचा रोज बुडणार आहे, ते सगळे मिळून ठरवतील.